लेबलावर लेबल

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, चामोर्शी

पहाटे साडेपाचला कोरपना सोडलं, चंद्रपूर, मूल असं करत अकरा वाजून दहा मिनिटांनी इथं उतरलो. तीन बस, दोन ट्रंका, एक गादी, आणि खिडकीजवळची जागा धरून बसलेली माझी दिव्यानी. वैनगंगेच्या पुलावर तिनं स्कार्फ थोडा खाली केला आणि वारा घेतला. सहा वर्षांत भर दिवसा बाहेर तिनं असं केलेलं मी पाहिलं नव्हतं. शकुन वगैरे मी मानत नाही. पण बरं वाटलं.

दवाखाना बाजाररस्त्यावर, पहिल्या मजल्यावर. डॉक्टर नंदिनी मॅडम नागपूरच्या, वय अडतीस. सोमवार ते शुक्रवार इथं, शनिवार-रविवार नागपूरला. कातडीच्या डॉक्टर. वांग, मुरुमांचे खड्डे, डोळ्याखालचा काळेपणा, गळणारे केस यांच्यावर सुईचे नवे उपचार करतात, ज्यानं कातडी स्वतःच स्वतःला दुरुस्त करते. खाली मागच्या बाजूला एक खोली आणि मोरी आम्हा बापलेकीला राहायला. खोलीत ऊन दुपारी दोन ते चार येतं.

माझं काम मशीनचं. पेशंटचं रक्त घ्यायचं, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, लाल खाली बसतं आणि सोनेरी पाणी वर येतं. त्या सोनेरी पाण्यात जखमा भरून काढणारे कण असतात. ते काढून मॅडमच्या हाती द्यायचं, मॅडम ते त्याच पेशंटच्या चेहऱ्यात टोचतात. ज्याचं त्याला. सगळी गोष्ट या दोन शब्दांवर उभी आहे.

मॅडमनी डिप्लोमा विचारला. नाही म्हणालो. कोरपन्याच्या लॅबमध्ये झाडू मारायला लागलो तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. पुढची सव्वीस वर्षं डॉक्टरांची जुनी पुस्तकं वाचून एकेक तपासणी शिकलो. नळीवर लेबल लावण्याचे माझे चार नियम आहेत: आधी नाव विचारायचं, मग लिहायचं, लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि लेबलावर लेबल कधीच लावायचं नाही. चुकलं तर नळी फेकायची. सव्वीस वर्षांत एक नळी इकडची तिकडे झाली नाही. मॅडम म्हणाल्या, हेमराजजी, मला डिप्लोमा नको, असाच माणूस पाहिजे.

मग मी माझी अट सांगितली. आमच्या दिव्यानीचा चेहरा. त्या म्हणाल्या, पाहू.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

पाच दिवसांत एकोणीस पेशंट. मुलचेऱ्याकडच्या बंगाली बायका येतात, शिक्षिका येतात, एक पोलीस शिपाई केसांसाठी आला आणि टोपी काढायला लाजत होता. मॅडमकडे माशाच्या बीजापासून बनवलेलं एक इंजेक्शनही आहे, कातडीला ओल धरायला. घाटावरच्या, मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाईला मॅडमनी ते समजावून सांगितलं तर ती म्हणाली, बाई, तीस वर्षं झाली मी मरळ खाऊन राह्यली, मग माह्यं तोंड असं काऊन आहे? मॅडम इतक्या हसल्या की सुई खाली ठेवावी लागली.

मशीनच्या झाकणाची रबरी कड ढिली होती. मी बदलली. आता आवाज घरच्या शिलाई मशीनएवढा येतो.

दिव्यानी दुपारी उन्हात बसून अभ्यास करते. बी.ए.चं शेवटचं वर्ष, बाहेरून. पुढे तिला अंगणवाडीत लागायचं आहे. लहान पोरं तिला पाहून पळतील असं तिला वाटतं. पोरं पळत नाहीत, हीच पोरांपासून पळते. डाव्या गालावर तेवीस खड्डे, उजव्यावर एकोणीस. मी मोजलेत, ती झोपेत असताना. तिला हे माहीत नाही.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आज मॅडमनी दिव्यानीला खुर्चीत बसवलं. मी रक्त घेतलं, लेबल लिहिलं, वाचून दाखवलं, मशीनमध्ये फिरवलं. मॅडमनी बाकीची माहिती भरताना विचारलं, काही आजार? दिव्यानीनं पर्समधून सिकलचं कार्ड काढून दिलं.

चूक माझी. मी आधी बोललो नव्हतो. सिकल इकडे घरोघर आहे. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, थंडी पडली की तिचे गुडघे धरतात, गरम पाण्याची पिशवी लागते, गोळी रोजची. तिची आई, वच्छला, गेली तीही यातच. पण चेहऱ्याचा आणि त्याचा काय संबंध?

मॅडम म्हणाल्या, तिच्या रक्ताचं मी हे करणार नाही. रक्त घेणंही तिच्या अंगाला बरं नाही, आणि वर आलेलं पाणीही पाहा कसं गढूळ आहे. सॉरी हेमराजजी.

दिव्यानीनं शांतपणे स्कार्फ बांधला. मला म्हणाली, बाबा, राहू द्या, स्कार्फ आजकाल फॅशनमध्ये आहे. जिना उतरेपर्यंत हसत होती. खोलीत गेल्यावर नाही.

तिची नळी फेकायची राहिली. फ्रिजमध्ये आहे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो. क्रमानं.

सकाळी साडेदहाला बायनाबाई आली. मुलचेऱ्याच्या पुढे जंगलात कोवेटोला म्हणून वीस घरं आहेत, तिथली. नातू कुलदीप याची काळी-पिवळी जीप चालते, त्यानं पाठीवर घेऊन जिना चढवला. डाव्या घोट्यावर तीन वर्षांची जखम, भरतच नाही. मॅडम अशा जखमांवरही हेच सोनेरी पाणी वापरतात. वय विचारलं तर कुलदीप म्हणाला, मले माहीत नाई, माह्या बापालेही माहीत नव्हतं. बाई म्हणाली, आमच्या दारचं झाड मोठं का मी मोठी ते झाडाले विचार.

कपाळावर गोंदण. मधोमध एक उभी रेघ, दोन्हीकडे तीन-तीन ठिपके. हनुवटीवर पाच. जुनं, हिरवट निळं.

रक्त फिरवून नळी बाहेर काढली आणि मी खिडकीशी गेलो. सव्वीस वर्षांत असं पाणी पाहिलं नाही. मोहाच्या फुलासारखं पिवळं, पलीकडचा विजेचा खांब त्यातून दिसत होता. मॅडमही बघत राहिल्या. दोन नळ्यांतली एक जखमेला पुरली. दुसरी उरली.

तेव्हा बायनाबाईनं हात पुढे केला. उरलेलं वापस दे, बापू, म्हणाली. मी म्हटलं, ते आम्ही नियमानं नष्ट करतो. तिनं मान हलवली. कुलदीपनं सांगितलं, आमच्या घरची रीत आहे, भाऊ. कापलेले केस, नखं, पडलेले दात, आजीचं सगळं एका जागी पुरून राह्यलो, तिच्या नावाच्या दगडाखाली. ती जाईल तेव्हा सगळं तिच्यासंगं जाते. काही मागं राहिलं तर ते शोधाले तिले वापस यावं लागते. आणि दुसऱ्याचं काही चुकून त्यात गेलं, तर तेही ती आपल्यासंगं घेऊन जाते. म्हणून आम्ही पाहून घेतो.

आमच्या घरात भूतखेत छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हा, बंद झालं, माझ्या आजोबांनी दारातला दगड स्वतः उचलून नाल्यात टाकला होता. पण पेशंटच्या श्रद्धेला हसायचं नाही, हाही माझा नियम आहे. मी म्हटलं, देतो.

आणि मशीनच्या खोलीत गेलो. दार लोटलं. हातात ते सोनं होतं. बायनाबाईचा गट बी पॉझिटिव्ह. दिव्यानीचा बी पॉझिटिव्ह. मी या विषयावर जितकं वाचलंय तितकं इथल्या अर्ध्या डॉक्टरांनी वाचलं नसेल. गट जुळतो, पाणी स्वच्छ, मग जातंय काय?

पिवळं काढून घेऊन नुसतं लाल परत दिलं असतं तर बाईनं ओळखलं असतं, तिनं नळीतले दोन्ही थर डोळ्यांनी पाहिले होते. फ्रिजमध्ये दिव्यानीची मंगळवारची नळी होती. खाली लाल, वर पिवळं. जरा गढूळ. तिच्यावरचं लेबल निघेना, ओलं केलं तरी निघेना. बाहेर कुलदीप हाक मारत होता.

मी त्यावर दुसरं लेबल लावलं. बायनाबाई, डावा घोटा, तारीख. माझं अक्षर छापील असतं.

तिनं नळी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ. मग म्हणाली, मले वाचता येत नाई, बापू, तूच वाच, काय लिवलं. मी वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट. बायनाबाई. तिनं नळी पदरात बांधली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तीन वाजता मॅडम नागपूरला निघाल्या. चार वाजता मी दिव्यानीला खुर्चीत बसवलं. मशीनमध्ये तुझंच पाणी पुन्हा साफ केलं, असं सांगितलं. तिनं विचारलंही नाही. डोळे मिटून म्हणाली, तुमची नळी कधी चुकत नाही, बाबा.

प्रत्येक गालात एकवीस टोच.

रविवार, २४ नोव्हेंबर

सूज तिसऱ्या दिवशी उतरली. आज मोजलं. डावीकडे अकरा, उजवीकडे आठ. पट्टी लावून मोजलं, अंदाजानं नाही.

मॅडमनी बुधवारीच विचारलं, हिनं काय लावलं? मी म्हटलं, आजीकडचा लेप. मॅडम म्हणाल्या, मलाही द्या तो. बायनाबाईची जखमही भरत आली, असा कुलदीपचा निरोप आहे.

आज दिव्यानी बाजारात गेली. बिनस्कार्फची. वांगी घेऊन आली, पाव किलो जास्त. वांगीवाली तिला म्हणाली, कोण्या गावची गं गोरीपान? हे तिनं मला तीनदा सांगितलं.

रविवार, ८ डिसेंबर

खड्डे शून्य. दोन्हीकडे. सकाळच्या तिरप्या उजेडातही शून्य.

तिनं फोनवर स्वतःचे चाळीस फोटो काढले आणि एक मला पाठवला, मी समोर बसलो असताना. अंगणवाडीचा अर्ज भरला, त्यावर तोच लावला. थंडी चांगलीच पडली आहे, सकाळी अकरा अंश, तरी गुडघ्याची तक्रार नाही. पिशवी खुंटीला टांगलेली आहे ती आहेच.

सव्वीस वर्षं लोकांच्या नळ्या सांभाळल्या. एकदा आपल्या पोरीसाठी हात वळवला तर कोणाचं काय बिघडलं?

बुधवार, ११ डिसेंबर

कुलदीप पेशंट सोडायला आला होता. बायनाबाई शुक्रवारी गेली. सकाळी उन्हात बसली आणि बसल्या बसल्या गेली. वय होतं. मी सांत्वनाचे दोन शब्द बोललो.

तो म्हणाला, भाऊ, पाय तर मस्त झाला होता. पण शेवटचे पंधरा दिवस गुडघे धरले. कधी नव्हते ते. रडे लहान पोरीसारखी. आणि बाबा, बाबा करे. तिचा बाप मरून सत्तर वर्षं झाली असतील. सांगताना तो हसला, मग डोळे पुसले.

दगडाखाली सगळं ठेवलं का, असं मी विचारलं. कशाला विचारलं कोण जाणे. सगळं, म्हणाला. केस, नखं, आणि तुमची नळी. मोठा दगड बसवाचा बाकी आहे, तो पाव्हणे जमले की बसवू. तो बसला की मग तिकडचं तिकडं, इकडचं इकडं.

शनिवार, १४ डिसेंबर

दिव्यानीच्या कपाळावर एक ठिपका. हिरवट निळा, दीड मिलिमीटर. पेनाचा असेल म्हणून पुसला. स्पिरिटनं पुसला. जात नाही, कारण तो कातडीच्या वर नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

तीन ठिपके. एकमेकांपासून चार-चार मिलिमीटर. सरळ रेषेत.

ती टिकली लावते त्यावर. म्हणाली, कुठी दिसते? मी तर बघितलंच नाई. आरसा हातात दिला तर आरशात पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

डावा पाय किंचित ओढते.

मंगळवार, १७ डिसेंबर

आठ दिवसांची गोळ्यांची पट्टी तशीच आहे, एकही घेतलेली नाही. विचारलं तर म्हणाली, मले काय झालं गोळी खाले? ती माझ्याशी असं बोलत नाही. मैत्रिणींशी बोलते, माझ्याशी नाही.

तिच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि सिकलची तपासणी केली. ही तपासणी मी झोपेत करू शकतो. औषधाच्या पाण्यात रक्त टाकायचं, नळीमागे रेघांचा कागद धरायचा. पाणी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल आहे.

रेघा दिसल्या.

औषध बदललं. नवी बाटली फोडली. दिसल्या. शाळेच्या वहीसारख्या, पाचही, स्वच्छ.

वच्छला गेली तेव्हापासून मी हेच मागत होतो, कोणाकडे मागायचं ते ठाऊक नसताना. आता हातात नळी धरून बसलो आहे. सिकल जन्माचा असतो. जात नाही. गेला असं होत नाही. हे रक्त दिव्यानीचं नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

सहा ठिपके. मधली रेघ अकरा मिलिमीटर आणि वाढते आहे.

आज दुपारी ती कंगव्यातले केस काढत होती. एकेक. उजेडात धरून पाहायची, मग काही ठेवायची आणि काही टाकायची. ठेवलेले फडक्यात बांधले. मी फडकं पाहिलं. ठेवलेले सगळे पांढरे.

मॅडम सुट्टीवर नागपूरला, दोन तारखेपर्यंत. फोन लावला होता. तीनदा वाजला, मी ठेवला. काय सांगणार? की मी नळी बदलली? हेमराजनं?

शनिवार, २१ डिसेंबर

ती दारात बसते, तोंड मुलचेऱ्याकडे. जेवायला हाक मारली तर म्हणाली, घरी कवा जाचं, बापू?

बापू.

मी म्हटलं, हेच घर. ती हसली. दात दिव्यानीचे आहेत. अजून.

अंगणवाडीचं पत्र आलं आहे, भेटायला बोलावलंय, सहा जानेवारी. तिच्यासमोर ठेवलं. तिनं उलटं धरलं आणि मला म्हणाली, मले वाचता येत नाई, तूच वाच.

रविवार, २२ डिसेंबर

अकरा वीसला कुलदीपचा फोन. लिहितो तसंच.

तो म्हणाला, भाऊ, आजीच्या दगडापाशी शेळ्यावाल्या बायका जात नाई आता. भर दुपारी खालून रडू येते. म्हातारीचं नाई, पोरीचं. गुडघे दुखून राह्यले म्हणते. पिशवी मागते गरम पाण्याची. आमच्या टोल्यात कोणाकडे आहे का अशी पिशवी? माह्या बायकोनं कान लावला. बाबा, लेबल पहा, लेबल पहा, असं म्हणते.

मग म्हणाला, भाऊ, रागावू नका. त्या नळीत रगत कोणाचं होतं? दुसऱ्याचं असंल तर सांगा. अजून उघडं आहे, काढून देऊ, तुमचं तुम्ही घ्या, आमचं आम्हाले द्या. उद्या सकाळी मोठा दगड बसवतो. मग काही होत नाई.

खुंटीवर पिशवी होती. मी तिच्याकडे पाहत होतो.

मी म्हणालो, बायनाबाईचं. माझी नळी चुकत नाही.

तोंडातून हेच निघालं. सव्वीस वर्षं हेच निघत आलंय. तो म्हणाला, बरं. आणि ठेवला.

साडेबारा. फोन लावतो आहे, लागत नाही. कोवेटोल्याला रेंज टेकडीवर गेलं तरच मिळते.

एक वाजला. लागत नाही.

तीन. नाही.

सोमवार, २३ डिसेंबर

पहिली बस सव्वासहाची. आली नाही. साडेआठला मिळाली. तिला सोबत घेतलं, पिशवी घेतली, गोळ्या घेतल्या. सिकलचं कार्ड घेतलं. नाव पटवायला.

ती खिडकीशी बसली. स्कार्फ नाही. लोक वळून पाहतात, किती सुंदर पोर, आणि कपाळ पाहून मान फिरवतात. हनुवटीवर पाच.

मुलचेऱ्याला खासगी जीप. पुढे रस्ता मला ठाऊक नव्हता. ड्रायव्हरला तिनं सांगितला. कोणत्या वळणावर कोणतं झाड पडलेलं आहे तेही. ती इथं कधी आलेली नाही.

दगड बसलेला आहे. पुरुषभर उंच. सकाळी नऊला बसवला. पाहुणे जेवून गेले.

कुलदीप दगडापाशीच होता. मी त्याला सगळं सांगितलं, लेबलासकट, पायाशी बसून. तो माझ्या मागं उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहत होता. मग त्यानं चप्पल काढली आणि तिच्या पाया पडला. आजी, म्हणाला.

मग मला म्हणाला, काल विचारलं होतं, भाऊ.

त्याच दिवशी, दुपार, १२.४०

दगडाला टेकून लिहितो आहे. टोल्यातले सगळे घरात गेले. दारं लावली.

रडू खालून येतंय. खोलातून नाही. हातभर खालून. गुडघे म्हणते. कुलदीपच्या घरून गरम पाणी भरून घेतलेली पिशवी मी दगडावर ठेवली. गरम आहे. खालची म्हणते, लागत नाही, बाबा, थंडच आहे—

हातानं उकरतो. नखं—

१२.५५

नळी. कडेच्या भोकातून मिळाली. मी नाही काढली. माझ्या मागं उभी होती तिनं हात घातला आणि काढून दिली, शेंग तोडावी तशी. खाली लाल, वर पिवळं, गढूळ. दिव्यानीची. शंभर टक्के. कोमट आहे.

वर माझं अक्षर. बायनाबाई.

खालचं रडू बारीक होतंय. कुलदीप आतून ओरडून सांगतो, नाव बरोबर असंल तर ऐकू येईल तिले. खरं नाव वाच. मोठ्यानं.

खालच्या लेबलावर खरं नाव आहे. मी लिहिलंय, बारा तारखेला. वरचं फक्त सोलायचं—

१.०५

सोललं. खाली बायनाबाई.

माझंच अक्षर. शाई तीच.

परत सोललं. बायनाबाई. डावा घोटा.

मी एकच लावलं होतं. एकच. शपथ—

नुसतं नाव हाकेनं घेतलं, दिव्यानी, दिव्यानी, घसा फाटेस्तोवर. खालून उत्तर आलं, आजीचं लेबल आहे, बाबा, मला जाऊ देत नाही—

चौथा थर. पाचवा. कपटे मांडीवर. सगळे छापील. सगळे माझे.

ती समोर बसली आहे. गुडघे उभे करून, उन्हात. दिव्यानीचा गाल, एकही खड्डा नाही. फडक्यातले केस बाजूला. घाई नाही तिला. म्हणते, वाच ना, बापू, काय लिवलं?

खालून आवाज नाही. मघापासून—

आहे. आहे. श्वासासारखा.

अजून एक थर आहे. पातळ. त्याच्याखाली काही दिसतंय, दुसरं अक्षर, द सारखं. नक्की द. नखानं धरलंय, निघतंय, आता वाचतो, मोठ्यानं वाचतो, दिव्या—